दोन ब्रेकची चाचणी

८ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी काय विचारते ते ऐक. पाच महिन्यांत एक ओळ नाही आणि आता एकदम तीन पानं? पोस्टमननं पाकीट काउंटरवर टाकलं, तुझं अक्षर बघितलं आणि मी खालीच बसले. दोन गिऱ्हाइकं धुवायच्या चादरी घेऊन उभी होती. त्यांना म्हटलं, थांबा जरा.

फोन न करता लिहिलंस ते एक बरं केलंस. फोनवर तुझं एकच, "बरंय." ते ऐकून माझे कान किटले. कागदावर नुसतं बरंय लिहून कुणी पाकीट चिकटवत नाही, काहीतरी खरं लिहावंच लागतं.

तर मला समजलं ते असं. चुकलं तर सांग, मी चौथीच्या पुढे गेले नाही. सतरा वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माझा भाऊ गेल्या सप्टेंबरात लिफ्टच्या टपावर काम करता करता एकाएकी गार पडला. छाती धडधडली, बोटं वाकडी झाली, आता मरतो असं वाटलं. दवाखान्यात हृदय तपासलं, ते ठणठणीत. मग तेच पुन्हा झालं, पुन्हा झालं, आणि शेवटी लिफ्टचं दार बघितलं तरी होऊ लागलं. पुढे आंघोळ नको, जेवण नको, माणूस नको. कंपनीनं तुला स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट काढून द्यायला. जुलैअखेरपर्यंत टपावर चढलास तर मेकॅनिक, नाहीतर कायमचा स्टोअरवाला. बरोबर?

आणि हे मला आत्ता कळतंय. भावजय फोनवर म्हणायची, कामाचा ताण आहे. तिलाही बघते मी.

आता तुझ्या औषधाचं. रोज सकाळी एक गोळी आणि दर गुरुवारी एका बाईंसमोर बसून तासभर बोलायचं. तुला बोलायचंच होतं तर मी काय मुकी होते? आणि दोन-दोन उपाय एकदम कशाला? बरं वाटायला लागलंय म्हणतोस, ते गोळीनं की बोलण्यानं? एक काय ते ठरव आणि दुसरं सोड. मी एका डागावर दोन पावडरी टाकत नाही. कशानं निघाला आणि कशानं कापड विरलं, ते कळायला नको?

रागावले नाहीये. बरं वाटतंय हे वाक्य चारदा वाचलं. आता आशीर्वाद घे.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ताई,

"एक काय ते ठरव" हे तू मला चपला घेतानाही म्हणायचीस. मी दोन्ही घालून बघायचो आणि तू दुकानाबाहेर जाऊन उभी राहायचीस.

डॉक्टरांना मीही हेच विचारलं होतं. ते म्हणाले, गोळी भीती घालवत नाही, तिचा आवाज खाली आणते. आवाज खाली आला की बाई काय सांगतात ते ऐकू येतं. नुसत्या गोळीवर किंवा नुसत्या बोलण्यावर बरी होणारी माणसंही असतात म्हणे, पण माझं जितकं वाढलं होतं त्याला त्यांनी दोन्ही दिलं. पहिले पंधरा दिवस नुसती मळमळ झाली. महिन्यानं एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मी आपणहून दाढी करतोय.

बाईंकडे नुसत्या गप्पा नसतात. त्या गृहपाठ देतात. आम्ही दोघांनी दहा पायऱ्यांची यादी केलीय. पहिली पायरी, बंद लिफ्टसमोर उभं राहणं. दहावी, टपावर चढणं. सध्या मी चौथीवर आहे. लिफ्टच्या आत उभं राहायचं, दार उघडं, दहा मिनिटं. धडधडलं तरी पळायचं नाही, ते ओसरेपर्यंत थांबायचं. ते ओसरतं, ताई. मी कधी थांबलोच नव्हतो, म्हणून मला माहीत नव्हतं.

एक विचारायचं राहतंय. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं, घरात आधी कुणाला असं काही होतं का. मी नाही म्हणालो. बाबा अकरा वर्षं खुर्चीत होते, पण ते कंबरेमुळे, असं सांगितलं. बरोबर सांगितलं ना?

तुझा तो प्रश्न मात्र डोक्यात बसलाय. गोळीनं की बोलण्यानं?

बारक्या

३ मार्च

बारक्या,

लिफ्टमध्ये दहा मिनिटं उभा राहिलास हे वाचून तुझ्या दाजींना हाक मारली. ते इस्त्री तशीच ठेवून आले आणि गिऱ्हाइकाची कॉलर करपली. त्यांना म्हटलं असू दे, आज असू दे.

इथे मोठं मशीन चार दिवस बंद होतं. हॉस्पिटलच्या साठ चादरी हातानं पिळल्या, माझं मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं.

बाबांच्या कंबरेचं काय आता उकरून काढायचं. झालं गेलं.

मला विचारशील तर, त्या बाईंच्या गृहपाठानं तू लिफ्टमध्ये गेलास, गोळीनं नाही गेलास. गोळीनं माणूस बसून राहतो. मी बघितलेत तसे. एवढं चांगलं जमतंय तर गोळीची गरज आहे का, विचार तरी कर. मी सोड म्हणत नाही. विचार कर म्हणते.

भावजयीला सांग, तिच्यावरचा राग गेला.

ताई

२१ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. सगळं झकास. सातवी पायरी झाली, बंद दारानं आठ मजले वर, आठ खाली. अंग हलकं वाटतं, नवं डोकं बसवल्यासारखं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लवकरच देतो. चाचणी चालू आहे. निकाल लागला की कळवतो.

बारक्या

१४ एप्रिल

बारक्या,

कंपनीनं तुमची परीक्षा ठेवलीय हे तू नीट लिहिलं नाहीस. लेखी असते की यंत्रावर? पास होशीलच. लहानपणी रेडिओ उघडून पुन्हा जोडायचास, एक स्क्रू उरायचा, तरी तो वाजायचा.

पण तीन आठवडे झाले, निकाल कुठे आहे? मी चारदा फोन केला. भावजय म्हणते झोपलेत. सकाळी अकराला झोपलेत, दुपारी चारला झोपलेत. पाचव्यांदा केला तर तिनं उचललाच नाही. मला हे लक्षण बरं वाटत नाही. एक ओळ लिही. नुसतं बरंय लिहिलंस तरी चालेल.

ताई

९ मे

ताई,

आधी शेवट सांगतो, म्हणजे तू उभ्या-उभ्या वाचणार नाहीस. मी ठीक आहे. आज स्टोअरमध्ये गेलो होतो, दुपारचा डबा सगळा संपवला. आता बस आणि पुढचं वाच.

कंपनीची परीक्षा वगैरे काही नव्हती. चाचणी मी माझीच घेत होतो.

लिफ्टला दोन ब्रेक असतात. एरवी दोन्ही एकदम लागतात, त्यामुळे कुठला धरतोय ते कळत नाही. म्हणून ठरावीक मुदतीनं आम्ही एक ब्रेक मुद्दाम सोडवून ठेवतो आणि दुसरा एकटा लिफ्ट पेलतो का ते बघतो. मग उलट करून बघतो. सतरा वर्षं हे करतोय. तू विचारलंस गोळीनं की बोलण्यानं, आणि मला वाटलं, अरे, हे तर मला येतं. ७ मार्चला गोळी बंद केली. बाई चालू, गोळी बंद, बघू धरतंय का.

कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांना मी गुरुवारच्या गोष्टी सांगायचो, बाईंना म्हणायचो गोळी चालू आहे. ते दोघं दोन वेगळ्या इमारतींत बसतात, एकमेकांना भेटलेलेही नव्हते. मधला निरोप्या मीच, आणि मीच खोटं सांगत होतो.

पहिले काही दिवस गरगरलं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखी व्हायची. मग एकदम हलकं वाटायला लागलं, तेव्हा तुला ते पत्र लिहिलं. एप्रिल लागला आणि झोप गेली. तुझ्या भावजयीवर ओरडायला लागलो, आणि ते कशामुळे ते मलाच कळेना. तरी चाचणी अर्धी सोडायची नाही, म्हणून आठवी-नववी पायरी गाळून ११ एप्रिलला थेट टपावर चढलो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. कामावरच्या जोडीदारानं लिफ्ट पाचव्यावर घेतली, मला हाताला धरून बाहेर काढलं. पाच मजले मी जिन्यावरून बसून उतरलो, एकेक पायरी सरकत. तो माझ्याबरोबर सरकत होता आणि क्रिकेटबद्दल बोलत होता.

मग पंधरा-वीस दिवस अंथरूण. तुझं परीक्षेचं पत्र आलं ते वाचून उशीखाली ठेवलं.

तुझ्या भावजयीला माझ्या अवजारांच्या पेटीत गोळ्यांची भरलेली पाकिटं सापडली. तिनं पाकिटं पिशवीत घातली, मला कपडे घालायला लावले आणि डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं ते झापणार. त्यांनी फक्त तारीख विचारली आणि गोळी पुन्हा सुरू केली, आधी कमी, मग पहिल्याइतकी. म्हणाले, गोळी बंद करायची वेळ येईल तेव्हा ती मी स्वतः हळूहळू उतरवीन. अशी एकदम झटक्यात थांबवायची नसते, आणि लपवून तर नाहीच.

गुरुवारी बाईंना सगळं सांगितलं, ब्रेकचंही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही चाचणी करताना लिफ्टमध्ये माणसं असतात?"

मी म्हणालो, नाही, आधी सगळ्यांना उतरवतो. तो नियमच आहे.

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही का नाही उतरलात?"

ताई, सतरा वर्षं ज्यानं भरलेल्या लिफ्टचा ब्रेक कधी सोडवला नाही, त्यानं स्वतः आत बसून सोडवला.

आता एक वही केलीय, लिफ्टच्या मोटर रूममध्ये नोंदींची असते तशी. डॉक्टर तीत लिहितात, बाई तीत लिहितात, दोघं एकमेकांचं वाचतात. एकदा तर माझ्यासमोरच फोनवर बोलले. मी नुसती वही नेतो-आणतो. यादीत पुन्हा चौथ्या पायरीवर आहे. झोप लागते.

बारक्या

१५ मे

बारक्या,

बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग धुलाईच्या खोलीत गेले, मशीनच्या आवाजात काही ऐकू जात नाही.

तू चुकलास हे लिहिणार होते. दोन कागद फाडले. ब्रेक तू सोडवलास, पण सोडव म्हणून मागे मी लागले होते. गोळीनं की बोलण्यानं, विचार कर, विचार कर. का लागले होते ते सांगते. तुला हे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

बाबांची कंबर ठणठणीत होती.

तू पाच वर्षांचा होतास, मी सोळाची. बाबा एक दिवस कामावर गेले नाहीत. मग गेलेच नाहीत. रडायचे, ते बंद झालं, मग बोलायचे बंद झाले. आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी एवढं झालं की जेवायचे आणि झोपायचे. बस्स. पुढे विचारायला कुणी गेलं नाही. गोळी बदलायची का, काही दुसरं करायचं का, बाबांना काय वाटतं, कुणी नाही विचारलं. लोकांना कंबर सांगायचं असं आईनं ठरवलं. तुलाही तेच सांगितलं. मी अकरा वर्षं रोज त्यांच्या हातावर गोळी ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि कामाला निघून गेले. एक दिवस त्यांच्यासमोर बसले नाही. मला वेळ नव्हता असं मी म्हणते. खरं तर मला भीती वाटायची.

म्हणून गोळी म्हटलं की मला ती खुर्ची दिसते. तू गोळी घेतोस हे वाचलं आणि मला वाटलं, आता हाही बसणार.

पण तुझं पत्र वाचून मी वेगळा विचार केला. माझ्या धंद्यात जुना डाग आधी भिजत घालावा लागतो. कोरडाच चोळला तर कापड फाटतं. भिजवला की सैल होतो, मग चोळायचा. हे मी रोज करते, आणि तुला शहाणपणा शिकवत होते की एक काय ते ठरव. बाबांना आम्ही अकरा वर्षं नुसतं भिजत घातलं. हात लावायला कुणी आलंच नाही.

हे त्या वहीत लिही. डॉक्टरांना सांग, घरात होतं, बहिणीनं लपवलं. तू माझ्यावर रागावलास तर रागाव. पण गोळी घे.

ताई

२६ जुलै

ताई,

रागावलो होतो. दोन महिने उत्तर दिलं नाही ते त्यामुळे. बाईंनी सांगितलं होतं, राग उतरल्याशिवाय पत्र लिहायचं नाही असं काही नाही, पण मला ते जमलं नाही. मला राग तू लपवलंस याचा नव्हता. बाबा समोर होते आणि मी त्यांना कंबरदुखीचा माणूस समजून शेजारी बसून गृहपाठ करायचो, याचा होता. तीन गुरुवार त्याच्यातच गेले.

डॉक्टरांनी तुझं पत्र वाचलं आणि वहीत एक ओळ लिहिली. म्हणाले, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण आता कळलंय तेही उपयोगाचं आहे. गोळी बहुतेक थोडी जास्त दिवस चालू ठेवू, पुढच्या वर्षी तिघं बसून ठरवू. तिघं म्हणजे ते, बाई आणि मी.

आता मुख्य. परवा मी टपावर चढलो.

या वेळी एकही पायरी गाळली नाही. जोडीदार आत होता, बटणं त्याच्याकडे. तिसऱ्या मजल्यावर छाती धडधडू लागली. मी म्हणालो, थांबव. त्यानं थांबवली. उतरलो नाही. अंधारात उभा राहिलो, हात आडव्या दांडीवर, दोरांना लावलेल्या वंगणाचा वास. मोजलं नाही, पण सात-आठ मिनिटं असतील. धडधडणं वाढलं, वाढलं आणि ओसरलं. मग म्हणालो, चल. बाराव्यापर्यंत गेलो. तिथं एक रोलर घासत होता तो बदलला. चाळीस मिनिटांचं काम. ते करताना पंधरा-वीस मिनिटं मला आजाराची आठवणच नव्हती, ही गंमत मला खाली आल्यावर कळली.

मुदतीला सात दिवस बाकी होते. साहेबांनी स्टोअरची किल्ली परत मागून घेतली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. मला माहीत नाही. बाराव्या मजल्यावर मला गोळीनं धरलं होतं की बाईंनी, सांगता येणार नाही. आणि आता मला ते शोधायचंही नाही. लिफ्ट थांबली होती, एवढं पुरे.

ये एकदा.

बारक्या

३१ जुलै

बारक्या,

पत्र सकाळी आलं. दुकान अर्धा तास बंद ठेवलं. पाटी उलटी केली आणि आत जाऊन बसले. तुझे दाजी घाबरले, कारण तुझ्या लग्नाचा दिवस सोडला तर हे दुकान मी असं बंद केलेलं त्यांनी बघितलं नाही. त्यांना पत्र दिलं. ते हळू वाचतात. बाराव्या मजल्यापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला, मग मीच कागद ओढून वाचून दाखवलं.

येते. शनिवारी निघते, चार दिवस राहते. मशीन दाजी बघतील, करपली कॉलर तर करपली. तुझ्या बाईंना मला भेटायचं असेल तर मी गुरुवारपर्यंतही थांबेन. त्यांना म्हणावं, मी फटकळ आहे, पण आता खोटं सांगणार नाही.

तुला बाबांबद्दल विचारायचं असेल तर विचार. मला आठवतं तेवढं सगळं सांगते. खुर्चीतलं तर सांगेनच, पण खुर्चीच्या आधीचंही सांगायचंय. त्या आधी सोळा वर्षं मी त्यांना बघितलंय, ते तू बघितलेलंच नाहीस. आपण एवढी वर्षं लपवलं आणि त्या आजाराबरोबर अख्खा माणूस लपवून टाकला.

एक आत्ताच लिहिते, तिथे येऊन विसरेन. बाबा हसायचे तेव्हा आवाज यायचा नाही. तोंड मिटलेलं, चेहरा गंभीर आणि नुसते खांदे हलायचे. आई चिडायची, म्हणायची, हसताय की उचकी लागलीय. काल भावजयीचा फोन आला होता. म्हणाली, जेवताना मी काहीतरी बोलले, तर यांचा चेहरा गंभीर, पण खांदे बराच वेळ हलत होते, हे काय असतं?

मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस. तो हसतोय.

तुझी ताई